अंड्यांच्या टरफलांची माळ

माझ्या जिभेला हाड नाही, हे मला लहानपणापासून सगळ्यांनी सांगून झालंय. माझी आई चिंचणीच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या टोपलीशेजारी बसून मी मोठी झाले. गिऱ्हाईक भाव पाडायला तोंड उघडणार, त्याच्या आधी ते तोंड कसं बंद करायचं हे मला शाळेत जायच्या आधी येत होतं. आईचं एक ठरलेलं बोलणं होतं: काटा खोटं बोलत नाही, खोटं बोलतात ती माणसं. हे बोलणं गाठीला बांधून मी नर्स झाले, आणि त्याच बोलण्यानं पुढं माझी शोभा केली. कशी, ते सांगते. सांगायला बरं वाटत नाही, पण आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही.

२०१४ साली तलासरी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर माझी नेमणूक झाली. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक बाळंतपणाचं टेबल आणि मी. हाताखाली सात पाडे. एकेका पाड्यात वीस-पंचवीस घरं, टेकाडावर विखुरलेली. महिन्यातला एक दिवस प्रत्येक पाड्याचा ठरलेला असायचा. त्या दिवशी लसींचा निळा डबा स्कूटीवर पायाशी ठेवायचा, पाड्याच्या अंगणवाडीत जायचं, पोरांना सुया टोचायच्या, तोंडात डोस घालायचे आणि वजनं घ्यायची. वजनाला झोळीचा काटा. वाशाला काटा टांगायचा, काट्याला झोळी आणि झोळीत पोर. पोर बोंबलायचं, आया हसायच्या आणि अंगणवाडीची सेविका आकडा लिहून घ्यायची. सेविका त्याच पाड्यातली, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. ती कमी बोलायची. माझं तोंड दोघींना पुरायचं.

कामाला मी वाघीण होते, हे खोटं नाही. कुणाचा डोस चुकला तर मी शेतात जाऊन पोर शोधून काढायचे. आया चिकूच्या वाडीत कामाला गेल्या असतील तर वाडीत जायचे आणि झाडाखाली बसून सुई टोचायचे. महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेब माझं रजिस्टर वर धरून बाकीच्यांना दाखवायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

आता तिच्याबद्दल. नाव सांगत नाही. तिला पोर झालं तेव्हा ती एकोणीस-वीसची असेल. कुडाचं घर, घरात सासू, आणि नवरा समुद्राकडं बोटीवर खलाशी. हंगामात ती स्वतः बोर्डीकडं चिकू काढायला जायची. सकाळच्या जीपनं जायची, दिवस मावळता यायची. २०१५च्या पावसाळ्यात तिला मुलगी झाली, माझ्याच हातावर. वजन चांगलं भरलं. सहा महिने पोरगी आईच्या दुधावर अशी धरली की मी तिला भोपळा म्हणायचे. "आला का माझा भोपळा?" म्हणत तिला झोळीत घालायचे आणि ती बोळकं उघडून हसायची.

मग वरचं खाणं सुरू झालं आणि पोरगी थांबली. खात होती, खेळत होती, पण काटा जागचा हलेना. सातव्या महिन्यात जे वजन तेच आठव्यात, तेच नवव्यात. आमच्या तक्त्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात. पोराची रेघ हिरव्यातून वर चढत जायला हवी. हिची आडवी निघाली ती पिवळ्यात शिरली. मी विचारलं, "अगं, घालतेस काय तिला?"

"भात घालते, बाई. नागलीची पेज घालते. अंगणवाडीच्या पाकिटातलं पण शिजवते. खाते ती. पण अंगी लागत नाय."

"अंगी लागत नाही म्हणे!" मी बाकीच्या बायांकडं वळून म्हटलं. "घातलं तर लागेल ना! का वाऱ्यावर वाढवतेस पोरीला?"

बाया हसल्या. तीही थोडीशी हसली. तिनं अजून एक सांगितलं, की पोरीला सारखं पातळ होतं, आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी. मी म्हटलं, दात येतायत. आणि डोस सगळे वेळेवर झालेत, मी माझ्या हातानं घातलेत, काही होत नाही तिला. हे मी मनापासून म्हणत होते. डोस पोटात गेला की पोराची काळजी मिटली, असं मी तोपर्यंत कितीतरी बायांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

पण रेघ काही वर जाईना, तेव्हा माझ्या डोक्यात आलं की हिला अंडं मिळालं पाहिजे. पाड्यात बहुतेकांकडं कोंबड्या होत्या. हिच्या घरच्या मात्र आदल्या उन्हाळ्यात मर येऊन सगळ्या गेल्या होत्या. मी चिंचणीला गेले तेव्हा आईकडून दोन तलंगा मागून घेतल्या, नुकत्या अंड्यावर आलेल्या, आणि पिशवीत घालून माना बाहेर काढून स्कूटीवरून पाड्यावर आणल्या. अख्खा पाडा बघायला जमला. वाटेत एकीनं माझी साडी घाण केली होती, त्याचंही मला हसू येत होतं, इतकं मला माझं कौतुक वाटत होतं. कुठली नर्स माहेरच्या कोंबड्या आणून देते, सांगा!

तिनं विचारलं, "रात्री कुठं ठेवू, बाई? बाहेर मुंगूस नेतो."

"घरात ठेव," मी म्हटलं. "चुलीपाशी डालग्याखाली झाक. दिवसापण लांब सोडू नको, नाहीतर दुसऱ्याच्या परड्यात अंडी घालून येतील. आणि अंडं गेलं की पोरगी हातची गेली. कळलं?"

कळलं, म्हणाली. माझं सगळं ऐकायची ती. आमच्या चिंचणीच्या घरी कोंबड्यांना अंगणात उंचावर खुराडं होतं. पण ते बांधायला फळ्या लागतात, वेळ लागतो, आणि मला अंडं लगेच हवं होतं. तिनं एक मोठं बांबूचं डालगं चुलीशेजारी उपडं घातलं आणि रोज संध्याकाळी कोंबड्या त्याखाली झाकायला लागली. पोरीची गोधडी तिथून दोन हातांवर.

पुढच्या खेपेला मी घरी डोकावले तेव्हा पोरगी रांगत होती. कोंबड्या घरभर फिरत होत्या आणि ही त्यांच्या मागं. सारवलेल्या जमिनीवर हात थापटायची, मग तोच हात तोंडात. मी हे बघितलं, या डोळ्यांनी बघितलं. आणि काय म्हटलं? "अगं बाई, भोपळा चालला कोंबडी धरायला!" मी, ती आणि तिची सासू, तिघी पोट धरून हसलो.

नर्स होते मी. हात कसे धुवायचे ते मी भिंतीवरच्या चित्रावर पट्टी ठेवून बायांना शिकवायचे. चित्रातले हात वेगळे आणि या पोरीचे वेगळे, असं काहीतरी माझ्या डोक्यात असणार. दुसरं काय म्हणू?

पावसाळाभर पोरीला अंडं मिळत होतं आणि पावसाळाभर तिची रेघ खाली येत होती. दिवाळीच्या मागंपुढं ती लाल पट्ट्यात उतरली. सव्वा वर्षाची झाली होती, तरी अजून धरून उभी राहत नव्हती. पोट पुढं, हातपाय काड्या, केस तांबूस. झोळीत घातली तर रडलीसुद्धा नाही. मी काट्याकडं बघितलं आणि माझं डोकं फिरलं. अंडं खाणारं पोर वजनात उतरेल कसं? काटा तर खोटं बोलत नाही. मग खोटं कोण बोलतं?

शिवाय पुढच्या मीटिंगमध्ये मला विचारणार होते, लाल पट्ट्यात हे पोर कसं काय. माझ्या सातही पाड्यांत मिळून ते एकच होतं. हे मी आज कबूल करते, तेव्हा स्वतःशीसुद्धा केलं नव्हतं. मी तिला तिथंच, सगळ्या बायांसमोर उभं केलं.

"अंडी कुठं जातात?"

"पोरीला घालते, बाई. पेजेत फोडून."

"रोज?"

"कोंबडी देते त्या दिवशी."

"खोटं बोलू नकोस. बाजारात विकतेस तू. नाहीतर नवऱ्याच्या ताडीबरोबर जातात. पोरीच्या तोंडचं काढून नवऱ्याला घालतेस, लाज नाही वाटत?"

"नाय, बाई. नाय विकली."

"खोटारडी!" मी ओरडले. "हा बघ काटा. काटा काय माझा सासरा लागतो, माझी बाजू घ्यायला? माझ्या घरच्या कोंबड्या दिल्या तुला, आणि तू मलाच फसवतेस? आई आहेस का कोण आहेस?"

या वेळी कुणी हसलं नाही. ती पोरीला झोळीतून काढायला गेली. पोरीचा एक पाय झोळीच्या पट्ट्यात अडकला होता, तो सोडवायला तिला वेळ लागला, आणि तेवढा वेळ मी बोलतच होते. मग तिनं पोरीला पदरात गुंडाळलं आणि ती गेली.

ती गेल्यावर सेविका आकडा लिहिता लिहिता म्हणाली, "नवरा तिचा बोटीवर आहे, बाई. नारळी पुनवेपासून घरी आलेला नाही."

हंगामात खलाशी महिनामहिना घराकडं फिरकत नाही, हे चिंचणीच्या पोरीला कुणी सांगायला हवं का? आमच्या दारावरून बोटींवरची माणसं जाता-येता बघत मी मोठी झाले. पण जित्याची खोड ती. मी म्हटलं, "मग विकत असेल." सेविकेनं वही मिटली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. सेविका म्हणाली, तुमच्या स्कूटीचा आवाज आला की ती पोरीला घेऊन मागच्या वाटेनं ओढ्याकडं उतरते. हे ऐकून मला वाईट वाटलं, असं लिहायला मला आवडलं असतं. मला राग आला. पोरीच्या गोवराच्या दुसऱ्या डोसची वेळ झाली होती, तो चुकला असता तर माझ्या रजिस्टरात एक घर रिकामं राहिलं असतं. म्हणून मी तिच्या घरी गेले. पोरीसाठी नाही, रजिस्टरासाठी.

दार उघडं होतं. सासू उंबऱ्यात बसून वाल निवडत होती. मला बघून हात थांबले.

"नाय ती," म्हातारी म्हणाली. "कासाला गेली दवाखान्यात, सकाळच्या जीपनं. पोरीला चार दिवस जुलाब. काल तर डोळे फिरवले तिनं."

"अहो, मग माझ्याकडं का नाही आणली?" उपकेंद्र पाड्यापासून चालत वीस मिनिटांवर. माझ्याकडं ओआरएसची पाकिटं होती, झिंकच्या गोळ्या होत्या, गाडी बोलवायला फोन होता. चार दिवस!

म्हातारी म्हणाली, "तुम्ही ओरडता ना."

रागानंसुद्धा नाही म्हणाली. आज भरती किती वाजता आहे, ते आमच्याकडं कुणी सांगावं तसं म्हणाली. मी तिथंच उंबऱ्यावर टेकले आणि आत बघितलं, आणि मला ती माळ दिसली.

चुलीवरच्या खुंटीला एक सुतळी टांगली होती आणि तिच्यात अंड्यांची टरफलं ओवली होती. टरफलाला वरून टोचा मारून अंडं ओतून घेतलेलं, खालून दुसरं भोक पाडून सुतळी घातलेली. वरची धुरानं काळी पडली होती, खालची पांढरी होती. माळ खुंटीपासून खाली जमिनीजवळ आली होती.

"हे काय आहे?"

"तुम्हाला दाखवायला ठेवलीत," म्हातारी म्हणाली. "तुम्ही म्हटलं ना, विकते. तेव्हापासून एक टाकलं नाय तिनं. वजनाच्या दिवशी घेऊन निघाली पण होती. अर्ध्या वाटेतून परत आली. म्हणाली, बाई म्हणतील दुसऱ्यांच्या घरून टरफलं गोळा करून आणली."

खरं सांगते, तसंच म्हटलं असतं मी. अगदी शब्दाला शब्द.

माळेच्या खाली डालगं होतं. आजूबाजूची जमीन कोंबड्यांच्या घाणीनं पांढरी-हिरवी झाली होती. पोरीची वाटी तिथंच पालथी पडली होती आणि एक तलंग तिच्या कडेला चिकटलेला भात टोचत होती. कोंबडी माझ्या आईच्या घरची. मी उठले आणि स्कूटीला किक मारली.

तलासरीहून हायवेनं कासा काही जवळ नाही. ट्रक अंगावरून जात होते आणि मी तोंडानं नवस बोलत होते. मासळीवाल्यांच्या घरात नवस पटकन सुचतात. महालक्ष्मीला खणानारळ बोलले, पायी येईन म्हटलं. पोरगी जगू दे, आई, मग या तोंडातून कुणाला वाकडा शब्द काढला तर बघ. महालक्ष्मीला मी पुढं पायी जाऊन आले. दुसरा नवस कसा पाळला, तेही येईलच.

पोरगी वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर होती. सलाईन चालू होतं. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. आई खाटेशेजारी जमिनीवर बसली होती. मला बघितलं आणि ती चटकन उठून उभी राहिली, पदर सारखा करून. एवढं सगळं होऊनही बाई आल्या म्हणून उठली. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

लहान मुलांचे डॉक्टर तरुण होते, दमलेले दिसत होते. ते तिला एकेक विचारत होते. पाणी कुठलं पिता? शौचाला कुठं जाता? पोरीला भरवायच्या आधी हात कशानं धुता? मग म्हणाले, "घरात कोंबड्या, बकऱ्या काही?"

"कोंबड्या हायत. दोन."

"रात्री कुठं असतात?"

"घरात. डालग्याखाली."

"आणि पोरगी त्याच जमिनीवर रांगते."

"हो."

डॉक्टर माझ्याकडं वळले. मी त्या भागाची नर्स, हे मी आल्या आल्या सांगितलं होतं. ते म्हणाले, "सिस्टर, हा नुसता चार दिवसांचा जुलाब नाही. हिचं आतडं कितीतरी महिने सुजलेलं असणार. रोज थोडी थोडी घाण पोटात जाते. जुलाब होवो न होवो, आतड्याचं आतलं अस्तर झिजत जातं. मग खाल्लेलं नीट रक्तात उतरत नाही. आई घालत असेल, पोर खात असेल, पण अंगी लागत नाही."

हेच शब्द! हेच मला पोरीच्या या विशीतल्या आईनं कधीच सांगितलं होतं, आणि मी त्यावर पाड्याला हसवलं होतं.

"डोस सगळे झालेत, सर," मी म्हटलं.

"डोस दिला म्हणजे तो लागू पडलाच, असं नसतं. तोंडातून दिलेली लस आतड्यातच कामाला लागते ना? तेच असं झालेलं असेल तर लसीचाही जोर कमी पडू शकतो. लस द्यायचीच, ती सोडायची नाही. पण पाणी, हात, ही जमीन, हे तसंच ठेवून नुसत्या लसीवर कसं भागेल?" मग ते जरा वैतागून म्हणाले, "कोंबड्या घराबाहेर ठेवा, एवढं तरी सांगत नाही का तुम्ही लोक?"

ती माझ्यासमोर उभी होती. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की सर, त्या कोंबड्या मीच दिल्या आणि घरात ठेवायलाही मीच सांगितलं. वॉर्डातल्या दोन सिस्टर बाजूला उभ्या होत्या, ओळखीच्या. मीटिंगला भेटायच्या.

"सांगतो ना, सर," मी म्हटलं. "दर महिन्याला सांगतो. ऐकतात कुठं!"

डॉक्टरांनी तिला विचारलं, "खरं का? सांगितलं होतं यांनी?"

तिनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "हो. सांगतात बाई. आम्हीच ऐकलं नाय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि ते पुढच्या खाटेकडं गेले.

पोरगी वाचली. आठवडाभरानं तिला घरी सोडलं. शिमग्याला नवरा आला, त्यानं घराबाहेर चार खांबांवर खुराडं बांधलं आणि मुंगूस चढू नये म्हणून खांबांना पत्रे ठोकले. मी पोरीसाठी पाणी उकळायला पातेलं नेऊन दिलं, साबण नेऊन दिला, दर आठवड्याला घरी जायला लागले. आणि सातही पाड्यांत सांगत सुटले, कोंबड्या बाहेर काढा, पोरांना त्या जमिनीवर सोडू नका. पण कसं सांगत सुटले? "शी! कोंबड्यांबरोबर झोपता काय गं तुम्ही? माणसं आहात का कोण?" करायला गेले गणपती आणि झाला मारुती, आणि तो मारुती मी त्यांच्याच दारात नेऊन बसवला. नवसाचं हे असं झालं. एकदाही, एकाही पाड्यात, मी म्हटलं नाही की मीच एका बाईला उलटं सांगितलं होतं.

स्वतःची समजूत घालायला माझ्याकडं डॉक्टरांचंच बोलणं होतं. पाणीसुद्धा ओढ्यातल्या खड्ड्याचं होतं, ते म्हणाले होते. एकच कारण नसतं. कोंबड्या आणायच्या आधीपासूनच रेघ आडवी झाली होती की! हे सगळं खरं आहे. मी ते रात्रंदिवस घोकलं. पण आडवी रेघ खाली कधीपासून वळली, तेही तक्त्यावर माझ्याच हातातल्या पेनानं काढलेलं होतं.

पोरीचं वजन हळूहळू चढलं. उंचीचं मात्र तसं नसतं. पहिल्या दोन वर्षांत जी मागं राहिली ती बहुतेक मागंच राहते. २०१९ साली ती चार वर्षांची झाली, तर तिच्या काकाची अडीच वर्षांची पोर तिच्या खांद्याच्या वर होती. अंगणवाडीत उंचीप्रमाणं रांग लावली की ही सगळ्यात पुढं उभी राहायची आणि तिला त्याचा अभिमान वाटायचा. मी पहिली, म्हणायची.

त्याच वर्षी तिला भाऊ झाला. आणि त्याच वर्षी आमच्याकडं जुलाबाची नवी लस आली, तोंडातून द्यायची. प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं, ही लस दिली की पोराला जुलाब होणारच नाहीत असं आयांना सांगू नका. बाकीच्या नर्सा वहीत लिहून घेत होत्या. मी मान खाली घालून बसले होते. 

दिवाळीनंतर माझ्या बदलीची ऑर्डर आली. त्या पाड्यावरच्या माझ्या शेवटच्या वजनाच्या दिवशी ती पोराला घेऊन आली, मुलगी बोटाला. मी पोराच्या तोंडात लस घातली, दृष्ट काढल्यासारखं त्याच्या गालाला बोट लावलं. वजन छान भरलं. तेवढ्यात मुलगी माझा पदर ओढायला लागली. "मला बसव. मला पण झोळीत बसव."

"अगं, तू मोठी झालीस आता," तिची आई म्हणाली.

मी तिला उचललं आणि झोळीत ठेवलं. चार वर्षांचं पोर त्या झोळीत मावत नाही. ती मावली. पाय पोटाशी घेऊन बसली आणि हसून टाळ्या पिटायला लागली. बायाही हसल्या. आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी काट्याचा दांडा धरला आणि मोठ्यानं म्हटलं, "ऐका गं सगळ्या. हिच्या घरात कोंबड्या मी आणल्या होत्या. त्या घरात ठेव म्हणून मीच सांगितलं होतं. हिचं काही चुकलं नव्हतं. अंडं हिनं एकही विकलं नव्हतं."

सेविका वहीत लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, ते सगळ्या पाड्याला ठाऊक आहे. तुम्ही स्कूटीवरून कोंबड्या आणल्या ते सगळ्यांनी बघितलं होतं."

म्हणजे पावणेतीन वर्षं त्यांना ठाऊक होतं. मी घाण, घाण म्हणून ओरडत होते तेव्हा त्या ऐकून घेत होत्या, आणि दर महिन्याला पोरं माझ्या हातात देत होत्या.

ती मुलीला झोळीतून काढायला पुढं आली. मी हळू आवाजात विचारलं, "कासाला डॉक्टरांना खरं का नाही सांगितलंस गं?"

मुलीचा पाय पट्ट्यात अडकला होता. तो सोडवता सोडवता ती म्हणाली, "तुम्ही आधीच बोलून बसल्या होत्या ना, सांगतो म्हणून. मग मी खरं बोलले असते तर तुम्ही खोटारड्या झाल्या असत्या, एवढ्या माणसांत." तिनं मुलीला खाली उतरवलं आणि तिचा फ्रॉक सारखा केला. "ते कसं वाटतं, मला ठाऊक होतं."